गोदामाचं सपाट छप्पर आणि गळती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मकरपुरा, वाघोडिया, मंजुसर, पोर-रमणगामडी अशा बडोद्याच्या आसपासच्या औद्योगिक भागांतले गोदाममालक, भाडेकरू आणि स्टोअर सांभाळणारी मंडळी छपराबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. छप्पर म्हणजे मुख्यतः आरसीसी स्लॅबची गच्ची, जिला इथले कारागीर धाबं म्हणतात. पत्र्याच्या शेडसाठी थेट प्रश्न १३ पाहा. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सपाट छप्पर म्हणजे अगदी सपाट असतं का? ढाळ किती हवा?

सपाट दिसणाऱ्या गच्चीलाही ढाळ लागतोच. किमान १०० ला १, म्हणजे दहा मीटरला १०० मिमी. जमेल तिथे ८० ला १ मागा, कारण गवंड्याच्या हातून थोडं वर-खाली होतं आणि कागदावरचा १०० ला १ प्रत्यक्षात काही जागी निम्माच भरतो.

घरापेक्षा गोदामात अडचण वेगळी आहे, ती रुंदीची. ३० मीटर रुंद गच्चीचं पाणी दोन्ही कडांना न्यायचं, तर मधल्या रेषेपासून कडेपर्यंत १५ मीटर अंतर आणि मध्ये १५० मिमी उंची. कडेला ४० मिमी जाडी धरली तर मध्ये १९० आणि सरासरी ११५ मिमी. ती साध्या काँक्रीटने भरली तर दर चौरस मीटरला सुमारे २७५ किलो वजन चढतं. म्हणून नवं बांधकाम असेल तर स्लॅबच ढाळात ओतून घ्या. यापेक्षा स्वस्त उपाय नंतर मिळत नाही. जुन्या गच्चीवर हलकं फोम काँक्रीट वापरा, किंवा मधल्या कॉलमजवळून पाइप उतरवून पाण्याचं अंतर कमी करा. आतून उतरणाऱ्या पाइपाचे धोके प्रश्न १९ मध्ये आहेत.

२. गच्चीवर पाणी थोडा वेळ साचलं तर बिघडतं कुठे?

पाऊस थांबल्यावर ४८ तासांनीही पाणी उभं असेल तर ते दुरुस्तीचं काम समजा. पहिलं कारण वजन. एक सेंटिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला १० किलो. आयएस (भारतीय मानक) ८७५ च्या दुसऱ्या भागात, जिथे माणसांची ये-जा नाही अशा सपाट छपरासाठी ०.७५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ७५ किलो प्रति चौ. मी. एवढाच चल भार (कायम नसणारा, बदलता भार) धरतात. साडेसात सेंटिमीटर पाण्याने तो सगळा संपतो. पाइपाच्या तोंडावरची जाळी तुंबली तर कठड्याच्या आत एवढं पाणी भरायला जोराचा एक तास पुरतो.

दुसरं कारण थरांचं. साचलेल्या पाण्याखाली ॲक्रिलिक कोटिंग मऊ पडून सुटतं, गाळ बसतो, गाळात गवत उगवतं. शिवाय ढाळावरच्या बारीक चिरेतून थेंब जातो, तर उभ्या पाण्याखालच्या तेवढ्याच चिरेतून दोन दिवस धार चालू राहते.

३. पावसाळी पाइप किती आणि केवढे लागतात?

इथे सगळ्यांत जास्त काटकसर होते आणि सगळ्यांत जास्त नुकसानही. आयएस २५२७ आणि राष्ट्रीय इमारत संहितेच्या तक्त्यात, पावसाच्या जोरानुसार एक उभा पाइप किती छत सांभाळतो ते दिलेलं आहे. १०० मिमी व्यासाचा पाइप तासाला १०० मिमी पावसात ४२.७ चौ. मी. आणि १५० मिमी पावसात २८.५ चौ. मी. सांभाळतो. १५० मिमी व्यासाचा पाइप त्याच १५० मिमी पावसात ८३.६ चौ. मी. सांभाळतो.

१०,००० चौ. फूट गच्ची म्हणजे ९२९ चौ. मी. तासाला १५० मिमी पाऊस धरला तर तासाभरात १,३९,००० लिटरहून अधिक पाणी, सेकंदाला जवळपास ३९ लिटर. भागाकार केला की १५० मिमीचे १२ पाइप, किंवा १०० मिमीचे ३३. एवढ्याच गच्चीला १०० मिमीचे सहा-आठ पाइप बसवलेले सर्रास दिसतात, आणि मालक दरवर्षी कोटिंग बदलत राहतो.

बडोद्यासाठी तासाला १५० मिमी धरणं जास्त वाटत असेल, तर ३१ जुलै २०१९ आठवा. त्या एका दिवसात शहरात सुमारे ५०० मिमी पाऊस पडला होता आणि तो चोवीस तासांत सारखा वाटून पडला नव्हता.

हिशोबाबाहेरची एक गोष्ट जरूर करा. कठड्यात गच्चीच्या पातळीपेक्षा ५० ते ७५ मिमी वर, दर बाजूला दोन-तीन मोकळी भोकं ठेवा. जाळ्या तुंबल्या तर पाणी तिथून बाहेर पडतं आणि खालच्या माणसाला धार दिसून लगेच कळतं की वर काहीतरी अडलं आहे.

४. गळती नेमकी कुठून आहे हे कसं शोधायचं?

आत जिथे थेंब पडतो त्याच्या बरोबर वर चूक असेलच असं नाही. पाणी कोब्याखालून (विटांचे तुकडे आणि सिमेंट यांच्या थराखालून) ढाळाच्या दिशेने सरकतं आणि पहिली चीर मिळेल तिथे उतरतं. म्हणून आतल्या डागाचं अंतर दोन कॉलमपासून टेपने मोजा, तेच माप गच्चीवर उतरवा आणि तिथून चढाच्या दिशेला शोध सुरू करा. क्रम असा ठेवा: पाइपाची तोंडं, कठड्याचा कोपरा, सांधे, गच्चीतून वर आलेले पाइप आणि केबल, आणि सगळ्यात शेवटी मधला सपाट भाग. बहुतेक वेळा शोध पहिल्या तिनांतच संपतो.

कोरड्या दिवसात नळीने पाणी मारून बघायचं तर खालच्या बाजूकडून वर जा, एका जागी १५-२० मिनिटं थांबा, आत एक माणूस उभा ठेवा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे वाहतं आणि काहीच समजत नाही.

पाऊस नसतानाही ओल दिसत असेल तर गच्चीवरची टाकी, तिचा ओव्हरफ्लो आणि एसीच्या पाण्याची नळी तपासा. हिवाळ्यात पहाटे पत्र्याखालून थेंब पडत असतील तर ते बहुधा दव आहे. उन्हं चढली की आपोआप थांबतं. त्यावर उपाय हवा खेळती ठेवण्याचा किंवा इन्सुलेशनचा, सीलंटचा नाही.

५. कोबा, मेम्ब्रेन, पीयू, ॲक्रिलिक, टीपीओ यांतलं काय घ्यावं?

गच्चीचं रोजचं आयुष्य कसं आहे, त्यावर ठरवा.

वर सतत माणसं जाणार, सामान ठेवलं जाणार, तर विटांचा कोबा आणि त्यावर चायना मोझॅक (फुटक्या टाइलच्या तुकड्यांचा थर) टिकतो. पण तो जड असतो आणि आतली चूक सापडत नाही. मोठी, मोकळी, कमी वर्दळीची गच्ची असेल तर ४ मिमी एपीपी मेम्ब्रेन (प्लॅस्टिक मिसळलेल्या डांबराची, रोलमध्ये येणारी चादर) परवडतं आणि गळती शोधणंही सोपं जातं. पाइप, पाये, पेडेस्टल (काँक्रीटचे छोटे चौथरे) यांची गर्दी असेल तर रोल कापून कापून बसवण्यापेक्षा पीयूसारखं (पॉलियुरेथेन) द्रव कोटिंग बरं, कारण त्याला जोड नसतो. ॲक्रिलिक हे मुळात ऊन परतवणारं कोटिंग आहे. चांगल्या ढाळावर ते चालतं, पाणी साचणाऱ्या गच्चीवर नाही. स्टीलच्या डेकवर (नागमोडी पत्र्याच्या तळावर) इन्सुलेशन टाकून बांधलेली मोठी वितरण केंद्रं असतात, तिथे टीपीओ किंवा पीव्हीसीचं (दोन्ही प्लॅस्टिकचेच प्रकार) एकपदरी मेम्ब्रेन गरम हवेने जोडून घेतात. त्यात जोडाची किमान ३० मिमी अखंड वेल्डिंग आणि थंड झाल्यावर टोकदार सळईने प्रत्येक मीटर तपासणं, यावरच सगळं अवलंबून आहे.

पीव्हीसी मेम्ब्रेन जुन्या डांबरी थरावर थेट अंथरू नका. त्यातलं मऊपणा देणारं रसायन डांबरात उतरतं आणि पीव्हीसी काही वर्षांत कडक होऊन तडकतं. मध्ये जिओटेक्स्टाइलचा (जाड कृत्रिम कापडाचा) वेगळा थर लागतो.

६. जुन्या कोब्यावर नवा कोबा टाकला तर?

टाकू नका. कोब्याचं वजन घनमीटरला साधारण १,९०० किलो धरलं तरी ११५ मिमी थराचे चौरस मीटरला जवळजवळ २२० किलो होतात. दुसरा थर म्हणजे आणखी तेवढंच, आणि स्लॅबच्या डिझाइनमध्ये ते कुणी धरलेलं नसतं. जुन्या कोब्यात मुरलेलं पाणीही आतच अडकतं आणि पुढची दोन वर्षं खाली झिरपत राहतं. जुना थर हातोडा-छिन्नीने किंवा हलक्या ब्रेकरने काढा, मलबा रोजच्या रोज उतरवा. एका कोपऱ्यात ढीग करून ठेवला तर तो ढीगच त्या खणाला (चार कॉलममधल्या स्लॅबला) धोका ठरतो.

७. मेम्ब्रेनचं काम कसं होतं? १०,००० चौ. फुटांना किती रोल?

आधी पृष्ठभाग. सैल सिमेंट, शेवाळ, जुना रंग काढा, खड्डे पॉलिमर मॉर्टरने भरा. मग ओल तपासा: ४५० मिमी चौरस जाड प्लॅस्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून १६ तास ठेवा. प्लॅस्टिकखाली पाणी जमलं किंवा काँक्रीट काळवंडलं तर थांबा. ओल्या स्लॅबवर टॉर्चने (गॅसच्या ज्वाळेने) चिकटवलेल्या मेम्ब्रेनखाली पहिल्याच उन्हाळ्यात फोड येतात, आणि ते फोड कापून ठिगळं लावण्यात वर्षं जातात.

बिटुमेन प्रायमर चौरस मीटरला पाव ते ०.३ लिटर. हाताला चिकटेनासा झाला की रोल उलगडा. सुरुवात सगळ्यात सखल जागेपासून, पाइपाच्या तोंडाकडून, म्हणजे वरचा पदर नेहमी खालच्यावर चढतो आणि पाणी जोडात शिरत नाही. बाजूचा जोड १०० मिमी, टोकाचा १५० मिमी. शेजारच्या दोन रोलांची टोकं एका रेषेत आणू नका, किमान ३०० मिमी पुढेमागे ठेवा. एका रेषेत आली की चार पदर एका बिंदूवर येतात आणि तिथे फट राहते. जोड नीट वितळला की कडेने ५ ते १० मिमी काळी धार बाहेर येते. जिथे धार नाही तो जोड कच्चा धरा. फार जास्त बाहेर आली तर आतलं कापड जळालेलं असू शकतं.

हिशोब असा. १ मी. बाय १० मी. रोलमधून जोड वजा जाता ८.८६ चौ. मी. मिळतात. ९२९ भागिले ८.८६ म्हणजे १०५ रोल. कठड्यावर चढवायला साडेचारशे मिमीची पट्टी. गच्ची चौरस असेल तर १२२ मीटर परीघाला ५५ चौ. मी., म्हणजे सहा-सात रोल. तोंडं, कोपरे आणि कापाकापी धरून ११५ ते ११८ रोल आणा. ठेकेदाराने ९५ रोलमध्ये काम संपवलं असेल तर बाजूचे जोड मोजून पाहा.

ज्या मेम्ब्रेनवर खनिज खडीचा थर नाही, ते उन्हात उघडं ठेवू नका. त्यावर ॲल्युमिनियम रंग किंवा खणाखणांत तोडलेला संरक्षक थर लागतो.

८. ठेकेदार म्हणतो "पीयूचे दोन हात मारू". हे पुरेसं आहे का?

हात मोजून काही कळत नाही, सुकलेली जाडी मागा. गच्चीला साधारण १.२ ते १.५ मिमी. डब्याच्या तांत्रिक पत्रकावर घनांश (सुकल्यावर उरणारा भाग) टक्क्यात असतो. घनांश ८० टक्के असेल तर १.२ मिमी सुकी जाडी मिळायला १.५ मिमी ओला थर लागतो, म्हणजे चौरस मीटरला १.५ लिटर. ९२९ चौ. मी.ला सुमारे १,४०० लिटर. डबे किलोवर येतात, म्हणून घनतेने गुणा: १.४ घनता असेल तर १,९५० किलो, २० किलोचे ९८ डबे.

सीलबंद डबे आले तेव्हा मोजा, रिकामे परत मोजा आणि बॅच नंबरचे फोटो ठेवा. काम चालू असताना ओल्या थरात दातेरी पट्टी टेकवली की जाडी जागीच कळते. पातळ करायला थिनर ओतताना दिसलं तर काम तिथेच थांबवा.

९. काम कोणत्या महिन्यात करावं?

पावसाची सुरुवात बडोद्यात साधारण जूनच्या उत्तरार्धात होते, म्हणून मेअखेर सगळं संपलेलं हवं. सिमेंटचं काम, म्हणजे ढाळ, वाटा (कठड्यालगतचा सिमेंटचा गोलसर कोपरा), कोबा, फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका. मे महिन्यातल्या उन्हात ताजं सिमेंट पाण्याशिवाय काही तासांत चिरतं, त्याला किमान सात दिवस आळी करून पाणी भरून ठेवावं लागतं.

कोटिंगला मे चालतो, पण वेळ सांभाळा. सकाळी स्लॅब तापत असताना आतली हवा फुगून वर येते आणि ओल्या थरात सुईच्या टोकाएवढी भोकं पाडते. दुपार उतरल्यावर, स्लॅब निवू लागला की तीच हवा आत ओढली जाते. म्हणून पहिला हात नेहमी संध्याकाळकडे.

पावसाळ्यात गळती लागलीच तर ताडपत्री आणि तात्पुरती पट्टी यांवर वेळ काढा. ओल्या स्लॅबवर पक्कं काम करून देतो म्हणणाऱ्याला नकार द्या.

१०. कठडा आणि पाइपाचं तोंड नेमकं कसं करायचं?

कठडा आणि स्लॅब यांच्या काटकोनात कुठलाही थर सरळ दुमडला की तो तिथेच तुटतो. म्हणून आधी ७५ बाय ७५ मिमीचा वाटा, म्हणजे सिमेंटचा गोलसर कोपरा. मेम्ब्रेन किंवा कोटिंग तयार पातळीच्या वर किमान १५० मिमी चढवा. गोदामात ३०० मिमी बरं, कारण तुंबलं की पाणी तेवढं चढतं. वरची कड भिंतीत खोबण पाडून आत घालायची आणि मॉर्टर किंवा सीलंटने बंद करायची. नुसती भिंतीवर चिकटवून सोडलेली कड दोन उन्हाळ्यांत सुटते आणि पाणी मेम्ब्रेनच्या मागून उतरतं. बाहेरून सगळं धडधाकट दिसतं, गळती मात्र चालू असते. कठड्याचा माथा आतल्या बाजूला उतरता ठेवा आणि त्यालाही कोटिंग द्या.

पाइपाच्या तोंडाशी ४५० मिमी चौरसाचा खोलगट खुर्रा हवा. तिथला थर गच्चीच्या थराखाली जाऊन पाइपाच्या आत किमान ५० मिमी उतरला पाहिजे. पाइपाभोवती गवंडी कोरडं सिमेंट भरून मोकळा होतो, तीच जागा पुढे गळते. तिथे न आकसणारं ग्राउट ओता. जाळी सपाट नको, घुमटाची हवी. सपाट जाळीवर एक पिशवी बसली की तोंड बंद.

११. लांब गोदामात दरवर्षी एकाच सरळ रेषेत गळतं. का?

तो प्रसरण सांधा आहे. आयएस ४५६ प्रमाणे ४५ मीटरहून लांब इमारतीत असे सांधे ठेवतात. दोन्ही बाजू ऊन-थंडीने सरकतात, त्यावर ताठ ताणलेलं मेम्ब्रेन फाटणारच. सांध्याच्या दोन्ही बाजूंना १५० मिमी उंच कठडी बांधा, म्हणजे पाणी सांध्यापर्यंत पोचतच नाही, आणि वर एका बाजूलाच स्क्रूने धरलेली पत्र्याची टोपी घाला. ढाळ सांध्यापासून दूर जाणारा हवा.

कठडी शक्य नसेल तर सांधा साफ करून फोमची दोरी घाला आणि पीयू सीलंट भरा. सीलंटची खोली रुंदीच्या निम्मी, म्हणजे २५ मिमी सांध्याला साधारण १२ मिमी. दोरीमुळे सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटतं. तळालाही चिकटलं तर ताणाबरोबर मधून फाटतं. वरून मेम्ब्रेनची पट्टी खाली झोळ ठेवून टाका.

१२. वर सोलर बसलं आहे, गच्ची मोकळी करता येत नाही. खालून केमिकल मारून थांबेल का?

एखादी ठरावीक चीर असेल तर पीयू इंजेक्शनने पाणी थांबतं. पण ते त्या चिरेपुरतंच. वरचं पाणी तसंच स्लॅबमध्ये मुरतं, पुढची कमजोर जागा शोधतं आणि सळीला गंज चढवत राहतं. याला एक-दोन पावसाळ्यांची सोय समजा आणि तेवढ्यात पॅनल उतरवून काम करण्याची तारीख ठरवा. नव्याने सोलर बसवायचं असेल तर क्रम प्रश्न १५ मध्ये.

१३. आमची शेड पत्र्याची आहे, ढाळही कमी आहे. गळती कुठून येते?

प्री-इंजिनिअर्ड (कारखान्यात बनवून जागेवर जोडलेल्या) शेडचा ढाळ साधारण १० ला १ असतो. त्याहून कमी ढाळ फक्त शिवण मारून बंद केलेल्या स्टँडिंग सीम पत्र्याला चालतो, आरपार स्क्रूच्या पत्र्याला नाही.

पहिला संशय स्क्रूवर. ईपीडीएम (रबराचं) वॉशर किंचित दबून कडेने जेमतेम दिसेल इतकंच आवळायचं असतं. जास्त आवळलं तर वॉशर उलटून फाटतं, कमी आवळलं किंवा स्क्रू तिरका गेला तर फट राहते. फाटलेल्या वॉशरवर सीलंटचा गोळा बसवू नका, एक माप जाड नवा स्क्रू घाला. पुढचा संशय पारदर्शक शीटच्या जोडावर. ते प्लॅस्टिक लोखंडापेक्षा खूप जास्त फुगतं-आकसतं, त्यामुळे भोकं लांबट होतात. तिथे ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) दोन ओळींत लागते. मग टर्बो व्हेंटिलेटरची बैठक आणि दोन शेडमधली व्हॅली गटर. गटर तुंबली की पाणी थेट पत्र्याखाली आत येतं आणि सगळे म्हणतात पत्रा गळतो.

वर चढण्याआधी एक गोष्ट पाळा. धुळीने माखलेली पारदर्शक शीट आणि जुना सिमेंटचा पत्रा पायाखाली फुटतो, आणि खाली आठ-दहा मीटर काही नसतं. पूर्ण अंगाचा हार्नेस, आधाराची दोरी आणि पर्लिनवर (पत्र्याखालच्या आडव्या आधारांवर) टेकलेल्या फळ्या यांशिवाय कुणालाही वर पाठवू नका, मग काम पाच मिनिटांचं का असेना.

१४. पांढरं कोटिंग मारल्यावर आतली गरमी खरंच कमी होते का?

होते. पण डब्यावरचं 'थंड' हे विशेषण सोडून परावर्तकतेचा (ऊन परतवण्याच्या क्षमतेचा) चाचणी-दाखला मागा. ईसीबीसी (ऊर्जा संवर्धन इमारत संहिता) २०१७ मध्ये कमी ढाळाच्या थंड छपरासाठी सुरुवातीची परावर्तकता किमान ०.६ आणि उत्सर्जकता (शोषलेली उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता) ०.९ धरली आहे. धूळ बसली की गुण उतरतो, म्हणून मार्चअखेर एकदा गच्ची धुवा. गळत्या गच्चीवर हे कोटिंग म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे, कारण प्रश्न २ मध्ये आहे.

१५. सोलर आधी की वॉटरप्रूफिंग आधी?

आधी पेडेस्टल, मग वॉटरप्रूफिंग, शेवटी पॅनल. पेडेस्टलच्या सळ्या स्लॅबमध्ये केमिकल अँकरने (भोकात भरून घट्ट होणाऱ्या रसायनाने) धरा, पेडेस्टलभोवती वाटा करा आणि थर त्यावर १५० मिमी चढवा. तयार मेम्ब्रेनमध्ये नंतर ड्रिल मारून पाय ठोकले की प्रत्येक पायाला चार भोकं पडतात. पेडेस्टल ढाळाला आडवं बांधू नका आणि पॅनलच्या ओळी पाइपाच्या तोंडावरून नेऊ नका. हात पोचत नाही ती जाळी कधीच साफ होत नाही. पॅनल आणि सांगाडा मिळून चौरस मीटरला साधारण १५ ते २० किलो, वाऱ्यासाठी ठेवलेले काँक्रीटचे ठोकळे वेगळे. स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या.

१६. आत माल भरलेला असताना टॉर्चचं काम करता येतं का?

अखंड आरसीसी स्लॅबवर येतं. स्टील डेक आणि इन्सुलेशनवर करू नये. स्लॅबवरही केबलची भोकं, लाकडी चौकटी आणि सांध्यातला थर्माकोल आधी झाका किंवा काढा. ठिणगी सांध्यातून सरळ खाली पुठ्ठ्याच्या खोक्यांवर पडते. दर टॉर्चमागे एक अग्निशामक, सिलिंडर ज्वाळेपासून दूर आणि उभा, आणि काम संपल्यावर किमान तासभर एक माणूस वर आणि एक आत. आग बरेचदा सगळे जेवायला गेल्यावर धुमसते. खाद्यपदार्थ किंवा औषधांचं गोदाम असेल तर प्रायमरचा वासही मालात जातो; वरच्या खिडक्या आणि एसीची बाहेरची हवा बंद ठेवा, किंवा स्वतः चिकटणारं मेम्ब्रेन आणि पाण्यात बनलेला प्रायमर घ्या.

१७. स्लॅबखालून खपल्या पडतात, सळी दिसते. वरून मेम्ब्रेन टाकलं की झालं का?

नाही. आधी तो खण रिकामा करा आणि आधार लावा. हातोडीने ठोकून पोकळ आवाज येईल तेवढं सगळं काढा, सळीच्या मागेही बोट जाईल इतकं. सळी चकचकीत होईपर्यंत घासा, गंजरोधक प्रायमर लावा आणि पॉलिमर मॉर्टर थराथराने भरा. सळीचा छेद २० टक्क्यांहून जास्त गेला असेल तर जोडसळी द्यावी लागते आणि तो निर्णय इंजिनिअरचा. वरचं काम त्याच हंगामात हवं, एरवी पाणी चालूच राहतं आणि नवं मॉर्टरही फुगून पडतं.

पिंपळाचं रोप दिसलं तर उपटू नका. वरचा भाग तुटतो, मूळ आतच राहून जोमाने फुटतं. बुंधा कापून ताज्या कापावर तणनाशक लावा, मूळ मेल्यावर जागा खोदून भरा.

१८. काम झाल्यावर चाचणी आणि वॉरंटी कशी घ्यायची?

तोंडं बंद करून २५ ते ५० मिमी पाणी ४८ ते ७२ तास उभं ठेवा. उंची सगळ्यात सखल जागी मोजा आणि ते वजन स्लॅबला पेलतं का हे आधी विचारा. मोठी गच्ची वाळूच्या आळ्यांनी खणाखणांत भरा. संरक्षक थर टाकण्याआधी चाचणी करा, नंतर केली तर चूक शोधायला तोच थर फोडावा लागतो. पत्र्याच्या आणि डेकच्या छपरावर पाणी भरू नका.

वॉरंटीत माल आणि मजुरी दोन्ही लिहिलेली आहेत का, ते पाहा. बहुतेक कागदांत साचलेलं पाणी आणि दुसऱ्या ठेकेदाराने पाडलेली भोकं वगळलेली असतात. ढाळ दुरुस्त न करता घेतलेली दहा वर्षांची वॉरंटी म्हणूनच पहिल्या पावसात हातातून जाते. काम सुरू होण्याआधीच्या ढाळाची आणि पाइपांची मापं कागदावर दोघांच्या सहीने लिहून ठेवा.

१९. छप्पर गळत नाही, पण जोराच्या पावसात आतल्या चेंबरमधून पाणी वर येतं.

गच्चीचा पाइप गोदामाच्या आतून उतरून जमिनीखालच्या चेंबरला जोडला असेल तर हे होतं. बाहेरची गटार भरली की पाण्याला वाट राहत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरभर पसरलं तेव्हासारखी स्थिती असेल तर तासन्‌तास वाट राहत नाही. गच्चीपर्यंत पाइप भरला तर आठ मीटर उंचीचा दाब सगळ्यात खालच्या जोडावर येतो आणि चेंबरचं झाकण उचलतं. पाइप भिंतीबाहेर काढून जमिनीच्या वर मोकळा सोडणं हा खरा उपाय. ते जमत नसेल तर आतलं चेंबर कायमचं बंद करा, आतल्या पाइपाला दाबाचे जोड आणि दर जोडाला क्लॅम्प द्या, आणि त्या पाइपाच्या दोन मीटर आत रॅक ठेवू नका.

२०. गोदाम भाड्याचं आहे. दुरुस्ती कुणाची?

आधी करार वाचा. मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्याने नोटीस देऊनही वाजवी मुदतीत केली नाही, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०८ प्रमाणे भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. नवा करार करताना छप्पर, पाइप आणि जाळ्यांची सफाई कुणाकडे, हे तीन वेगळ्या ओळींत लिहा. वाद जवळजवळ नेहमी तिसऱ्या ओळीवरून होतो.

२१. वर्षभरात गच्ची किती वेळा बघायची?

चार वेळा. उत्तरायणानंतर लगेच, कारण पतंग, कामट्या आणि मांज्याचे गुंते नेमके जाळ्यांत जाऊन बसतात आणि जूनपर्यंत तसेच राहतात. मग मेअखेर, प्रत्येक तोंडात बादलीभर पाणी ओतून. पहिल्या मोठ्या पावसानंतर, आणि पुन्हा नवरात्राच्या सुमाराला. दर वेळी त्याच जागांचे त्याच कोनातून फोटो काढा.

२२. शीतगृहाच्या स्लॅबखाली थेंब दिसतात, वरचं मेम्ब्रेन नवं आहे. पुन्हा फाडायचं का?

थांबा. साध्या गोदामापेक्षा इथे उलटं असतं: बाहेरची हवा गरम आणि दमट, आत थंड, म्हणून वाफ बाहेरून आत ढकलली जाते. वाफरोधक थर इन्सुलेशनच्या गरम, म्हणजे बाहेरच्या बाजूला हवा. तो आतल्या बाजूला बसवला असेल किंवा पाइप-केबलच्या भोकांशी तुटला असेल तर वाफ इन्सुलेशनमध्ये शिरून तिथेच पाणी होते. ओळखायची खूण अशी: कोरड्या मे महिन्यातही थेंब चालू, पाऊस आणि थेंब यांचा मेळ नाही, आणि विजेचं बिल हळूहळू वाढतंय, कारण ओलं इन्सुलेशन थंडावा धरत नाही. एका जागी इन्सुलेशनचा तुकडा कापून वजन करा, वाळवून पुन्हा वजन करा. फरक मोठा निघाला तर वरचं मेम्ब्रेन तसंच ठेवा आणि भिजलेले खण आतून बदलून वाफरोधक थर भिंतीच्या थराशी अखंड जोडा.